मागून लागलेला हात

भाऊ दारातून ओरडून दमला, तरी आक्काला पत्ता नव्हता. तिची पाठ दाराकडे होती आणि पुढ्यात काचेच्या कडा घासायचं मशीन सुरू होतं. ते सुरू असलं की तिच्या मागे कोणी ढोल बडवला तरी ती मान वळवायची नाही. शेवटी भावजयच सगळ्या कारखान्याला वळसा घालून तिच्या समोर आली आणि हाताने खूण केली, बंद करा आता.

आक्कानं उरलेली कड आधी पुरी केली, काचेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि मग बटण दाबलं.

"काय म्हणत होतास?"

"काय म्हणणार! उद्या पोराची तारीख आहे आणि तुला कडा घासायचं सुचतंय," भाऊ म्हणाला.

"मी हातावर हात धरून बसले तर तारीख पुढे जाणार आहे का? बसा सगळे. जागा बघून बसा, त्या कोपऱ्यात तुकडे आहेत."

भाऊ बसला नाही. या कारखान्यात तो कधीच बसला नव्हता. वडिलांनी दोघांनाही काचेचं काम शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच वर्षी याच्या तळहाताला चीर गेली आणि त्यानं जो धसका घेतला तो कायमचा. पुढे सरकारी कचेरीत चिकटला, फायली सांभाळून निवृत्त झाला, आणि वरच्यांशी वाकडं घ्यायचं नाही एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन घरी परतला. कारखाना आक्कानं चालवला. लग्न केलं नाही, नोकरी केली नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्याची ती अशी फिरकी घ्यायची की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

भावजय स्टुलावर टेकली. बाकाच्या टोकाला बारक्या बसला होता, गुडघे जवळ घेऊन, जमेल तेवढं अंग चोरून. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून पडलेलं नाव ते. आता दारातून आत येताना वाकावं लागत होतं, तरी नाव काही बदललं नाही. भाऊचं हे धाकटं पोर शाळा सुटली की आत्याच्या कारखान्यात यायचं ते इथंच वाढलं. काच कशी उचलायची, कशी ठेवायची, सगळं त्याला आक्कानं शिकवलं. आणि त्याच पोरानं वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं, "आत्या, अग्निशमन दलात माझी निवड झालीय." आक्का तेव्हा काही बोलली नाही. नंतरही आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

आता ती नोकरी टांगणीला लागली होती. गेल्या महिन्यात बारक्या एक मोठी काच घेऊन कारखान्यातून बाहेर पडला. समोरच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पोचवायची होती. दारातून जेमतेम बाहेर पडतोय तोच कुणीतरी मागून त्याची कॉलर धरली. बारक्यानं कोपर मागे मारलं, तो माणूस फुटपाथच्या कडेवर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. तो साध्या कपड्यातला पोलीस निघाला. मोबाइल हिसकावून पळालेल्या एका चोराच्या मागावर होता आणि पाठमोरा बारक्या त्याला तो चोर वाटला. खरा चोर नंतर पुढच्या चौकात सापडला. पण बारक्यावर गुन्हा दाखल व्हायचा तो झालाच, कामावर असलेल्या पोलिसाला मारहाण केली म्हणून. यात दोषी ठरला की अग्निशमन दलाचं दार कायमचं बंद.

भाऊनं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बाकावर ठेवला.

"ओळखीच्या वकिलाकडून लिहून आणलाय. मी चुकलो, पोलिसावर हात उचलला, मला दया दाखवा. उद्या कोर्टात दिला की झालं. पहिलाच गुन्हा, दंडावर निभावेल. तुरुंग टळला म्हणजे मिळवलं."

"आणि माझी नोकरी?" बारक्यानं विचारलं खरं, पण आवाजात जोर नव्हता.

"नोकरी नोकरी काय लावलंयस? एवढा कारखाना आहे की. आत्याला तरी कोण आहे तुझ्याशिवाय? काय गं आक्का?"

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्का बोटांवरची काचेची पूड फडक्यानं पुसत बसली. भाऊनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. या कागदावर सही झाली तर पोरगं इथंच राहणार होतं, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या मशीनवर. तिच्या मागे कारखान्याला कुलूप लागणार नव्हतं. हा विचार महिनाभर तिच्या मनात घर करून होता आणि तिला त्याची लाजही वाटत होती. लाज वाटली म्हणून तो काही जात नव्हता, हेही खरं.

"पेन दे," बारक्या म्हणाला.

"अरे थांब की!" भावजय कळवळली. "ताई येतेय ना. तिचं ऐकून तरी घे."

"ऐकून काय करू, आई? त्या माणसाचा हात मोडलाय माझ्यामुळे. तो तिथं कळवळत बसला होता, मी पाहिलंय. आता मी उभा राहून म्हणू की माझी चूक नाही? मला नाही जमणार."

तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली आणि ताई आत आली, मागून जावई. भाऊची थोरली लेक वकील आणि जावई पोलिसात फौजदार. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा आक्का म्हणाली होती, हा संसार रोज कोर्टात उभा राहणार. उभा राहतही होता, पण मजेत चालला होता.

ताईनं बाकावरचा कागद उभ्या उभ्या वाचला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे कुणी लिहून दिलं? त्याची सनद काढून घ्यायला हवी."

"चांगला अनुभवी माणूस आहे तो."

"असेल. दिवसाला दहा जणांना अशीच कबुली द्यायला लावून मोकळा होत असेल. बारक्या, पेन खाली ठेव."

"ताई, मी मारलंय गं त्याला."

"कोपर लागलं, हे मी नाकारतच नाहीये. पण तुला वाईट वाटतंय ही एक गोष्ट आणि गुन्हा कबूल करणं ही दुसरी गोष्ट. वाईट मलाही वाटतं. खटला संपला की त्याच्या घरी जा, पाया पड, काय वाटेल ते कर. पण न केलेल्या गोष्टीवर सही कशाला करतोस?" तिनं स्टूल ओढलं आणि समोर बसली. "नीट ऐक. नुसतं कोपर लागलं म्हणून हा गुन्हा होत नाही. समोरचा पोलीस आहे हे तुला ठाऊक होतं आणि ठाऊक असून तू मुद्दाम मारलंस, हे दोन्ही सरकारी पक्षाला दाखवून द्यावं लागतं. त्यातलं एक जरी सुटलं तरी त्यांची केस लंगडी पडते."

"मला कुठं ठाऊक होतं? वर्दी नाही, काही नाही."

"तेच म्हणतेय मी. मागून अनोळखी माणसानं कॉलर धरली तर सुटून घ्यायचा हक्क कुणालाही आहे. सुटण्यापुरताच, बरं का. वर चार लाथा घातल्यास तर तो हक्क गेला. तू एकदा कोपर मारलंस आणि वर्दीवाले आले तसा मुकाट्यानं फुटपाथवर बसलास. हे आपल्या बाजूनं आहे."

भाऊ पुढे सरकला. "मग एक सोपं सांगू का? तो शिंपी म्हणतोय, मी साक्ष देतो. पोलीस आपणच पाय घसरून पडला, पोरानं बोटही लावलं नाही. भला माणूस आहे, स्वतःहून तयार झालाय."

"बाबा!" ताई ताडकन उठली. "आताच तर दयेची भीक मागत होतात, आणि आता एकदम खोटा साक्षीदार?"

"दोन्ही वाटा उघड्या ठेवाव्यात म्हटलं."

"एका वाटेनं तुरुंग जवळ येतो आणि दुसरीनं आणखी जवळ येतो. एका तोंडानं बोटही लावलं नाही म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडानं स्वतःला वाचवायला ढकललं म्हणायचं, मग न्यायाधीश एकही ऐकणार नाहीत. आणि शिंपी उलटतपासणीत तासभर टिकायचा नाही. त्याला सांगा, तू आपला पँटी शिव."

"बरं मग असं म्हणा की चुकीचा माणूस धरला," भावजय म्हणाली. "चोर दुसराच होता ना? मग पोलिसाचीच चूक."

"नाही आई, त्यावर विसंबता येत नाही. पोलिसानं कामाच्या भरात, खरं समजून चुकीचा माणूस धरला आणि तो पोलीस आहे हे तुम्हाला कळलेलं असलं, तर तुम्ही त्याला मारायचं नसतं. धरून नेलं तर जायचं आणि नंतर कोर्टात भांडायचं. होय ना हो?"

जावई इतका वेळ काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीला टेकून ऐकत होता. "होय," तो म्हणाला. "नाही तर रोज प्रत्येक जण स्वतःच न्यायाधीश होऊन आम्हाला बुकलेल."

"जावईबापू, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" भाऊनं विचारलं.

"मी कुणाच्याच बाजूचा नाही, मामंजी. मला इथं यायलाच नको होतं खरं तर. पण मी सरकारी वकिलाच्या जागी असतो तर काय विचारलं असतं, ते सांगू शकतो. तेवढ्यानं बारक्याचं भलं झालं तर झालं."

"विचारा," ताई म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली. नवऱ्याला असं आव्हान देताना तिचे डोळे लकाकायचे. आक्काला ते दिसलं आणि मनातल्या मनात हसू आलं.

जावयानं गळा साफ केला. "त्या पोलिसाचं म्हणणं आहे की कॉलर धरायच्या आधी तो 'पोलीस, थांब' असं ओरडला. रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानं ते ऐकलंय. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा होता, तरी ऐकलंय. रस्त्यापलीकडे ऐकू गेलं आणि हातभर अंतरावरच्या तुला ऐकू आलं नाही?"

बारक्यानं मान हलवली. "नाही आलं."

"झालं. नाही आलं म्हणून कोण विश्वास ठेवणार?"

 भाऊनं 'बघा, सांगत नव्हतो' अशा नजरेनं बायकोकडे पाहिलं. ताई ओठ चावत बसली. तिच्या सगळ्या मांडणीत ही एक फट होती आणि तिला ती ठाऊक होती. आता पोलिसाला खोटं पाडायचं म्हणजे न्हाव्यालाही खोटं पाडायचं, आणि न्हाव्याचं यात काय वाकडं गेलं होतं?

आक्कानं फडकं खाली ठेवलं.

"येणारच नाही ऐकू," ती म्हणाली. "मी मशीनवर होते."

"काय?"

"अगं, हे मशीन तेव्हा दारात होतं. आत छत गळत होतं म्हणून आठवडाभर दारातच मांडलं होतं मी. पोरगं माझ्या शेजारून काच घेऊन बाहेर पडलं. मी कड घासतच होते. मी मान वर केली तेव्हा तो माणूस पडलेला होता. कोण काय ओरडलं, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मला आलं नाही तर त्याला कुठून येणार? न्हाव्याचं दुकान पलीकडे, बंद काचेच्या आत. त्यानं ऐकलं असेल तर ओरडणारा त्याच्या दारासमोरून पळत येताना ओरडला असेल. तो इथं पोचेपर्यंत मशीनपुढे काय टिकणार?"

ताई तोंड उघडं टाकून बघतच राहिली. "आत्या, तू हे आजपर्यंत बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी? तुझा बाप म्हणाला, आक्का तू यात पडू नकोस, तुझं तोंड फटकळ आहे."

भाऊनं छताकडे पाहिलं. पण आक्काला ठाऊक होतं की हे अर्धंच उत्तर आहे. तिला विचारलं नसतं तरी ती बोलू शकली असती. या घरात तिला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचा होता. ती गप्प बसली होती, कारण गप्प बसल्यानं पोरगं तिच्याजवळ राहिलं असतं.

ताईनं मात्र भराभर मांडायला घेतलं. "म्हणजे पोलिसाला खोटं पाडायची गरजच नाही! तो ओरडला, मान्य. न्हाव्यानं ऐकलं, मान्य. फक्त ते याच्यापर्यंत पोचलं नाही. मशीन आहे, आत्या आहे. न्यायाधीशांना पटत नसेल तर इथं येऊन उभं राहू दे त्यांना."

"थांब, थांब. माझा दुसरा प्रश्न उरलाय," जावई म्हणाला. "ऐकू आलं नाही, मानलं. पण कुणी मागून धरलं तर माणूस आधी वळून बघतो. हा वळला नाही. न बघता थेट कोपर हाणलं. का? सरकारी वकील म्हणणार, याच्या अंगात राग आहे, मागून हात लावला की हा मारतोच. धष्टपुष्ट गडी, अग्निशमन दलात निवडलेला. न्यायाधीश बारक्याकडे एकदा बघतील आणि त्यांना ते पटेल."

"माझा हात आपोआप गेला," बारक्या म्हणाला.

"हे कोर्टात सगळेच म्हणतात रे. माझ्यासमोर रोज म्हणतात."

"पण खरंच गेला."

"का गेला?"

बारक्यानं बाही वर सारली. तो आपल्याच कोपराकडे बघत राहिला. ताईनंही नवऱ्याकडे जरा रागानंच पाहिलं, कारण प्रश्न रास्त होता.

"चहा टाकते," भावजय म्हणाली. या घरात बोलणं अडलं की चहा टाकला जायचा. ती आतल्या शेगडीकडे गेली.

"कप ठेवायला जागा नाही इथं," आक्का पुटपुटली. बाकावर नुकतीच घासलेली काच आडवी होती, छातीइतकी उंच. तिनं हातमोजे चढवले, काच उभी केली, खालून एक हात, बाजूनं दुसरा, आणि उचलून घोडीकडे निघाली. तिच्या डोक्यात अजून तेच चाललं होतं. हात का जातो? काय सांगायचं त्यात? हात जातोच की.

जावई चांगल्या घरचा मुलगा. साठीतली बाई एकटी एवढी काच उचलतेय आणि आपण बघत उभे आहोत हे त्याला बरं वाटलं नाही. तो चटकन मागून गेला आणि आधार द्यायला म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आक्काचं कोपर त्याच्या बरगडीत असं बसलं की फौजदारसाहेब काचा बांधायला आणलेल्या भुशाच्या पोत्यांवर पाठमोरे जाऊन आदळले. पोतं फुटलं, भुसा उडाला, आणि भाऊ, ज्याला कुणी हातही लावला नव्हता, तो मोठ्यानं ओरडला.

आक्का मात्र थांबली नाही. दोन पावलं पुढे गेली, काच घोडीवर टेकवली, खाली चिंधी सरकवली, काच हलत नाही ना ते पाहिलं, आणि मग कुठं वळली.

"कोण मेलं मागून आलं?" ती गरजली. आणि भुशात बसलेला जावई दिसला तसा तिचा आवाज एकदम खाली आला. "अगोबाई! जावईबापू! लागलं का हो?"

भावजय चहाची किटली घेऊन दारातच थबकली. "वन्सं, काय केलंत हे!"

पहिल्यांदा बारक्या हसला. महिनाभरात हसला नव्हता तो. हसता हसता बाकावर आडवा झाला. मग ताईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं आणि नवऱ्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"साहेब, आता या आरोपीवर कुठलं कलम लावायचं?"

जावई बरगडी चोळत होता. त्याला हसायचं होतं, पण हसलं की दुखत होतं. "आत्या," तो म्हणाला, "तुम्ही बघितलं का, कोण आहे ते?"

"कसं बघणार? हातात काच होती."

"म्हणून काय झालं? वळायचं की."

"वळायचं?" आक्काला हा प्रश्नच समजेना. कुणी विचारावं की विस्तवात हात का घालत नाही, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, काच घेऊन वळलं तर काचही वळते ना! मागच्या माणसाच्या अंगावरून जाते ती. एवढी काच वळली तर तिची कड नेमकी गळ्याशी येते. म्हणून हातात काच असताना मागून कुणी अंगाशी आलं तर वळायचं नाही. कोपरानं त्याला दूर लोटायचं, आपण पुढे सरकायचं, काच ठेवायची आणि मग बघायचं. पोरं इथं कामाला आली की पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. बारक्याला तर छडी मारून शिकवलंय. वळला की छडी."

 बारक्याचं हसणं थांबलं होतं.

"काच फुटली नव्हती," ताई हळूच म्हणाली. "बारक्या, ती काच फुटली नव्हती ना?"

"नाही. भिंतीला टेकवून ठेवली मी. मग वळलो. मग कळलं, कुणीतरी पडलंय."

"ज्याला मारामारी करायचीय तो आधी हातातलं टाकून देतो," जावई म्हणाला. तो आता पोलिसासारखं बोलत होता, भुशात बसून. "दोन्ही हात अडकवून कुणी भांडत नाही. वर्दीवाले आले तेव्हा काच भिंतीला नीट टेकवलेली होती, हे त्यांच्याच जबाबात आहे. ती काच अजून ठाण्यात पडून आहे. मीच म्हणत होतो, ही कशाला जपून ठेवलीय!"

"आणि हा वळला असता," आक्का म्हणाली, "तर त्या बिचाऱ्याचं मनगट नसतं गेलं, मान गेली असती. ऐकतोयस का रे? महिनाभर तोंड पाडून बसलायस. तू त्याला मारलं नाहीस, वाचवलंयस. हात मोडला ते वाईट झालं, पण तो आज घरी बसून तुझ्या नावानं बोटं मोडू शकतोय ना, ते तुझ्यामुळं."

बारक्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भावजयीनं किटली खाली ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. समोरून, हे आक्काच्या नजरेतून सुटलं नाही.

भाऊ मात्र बाकावरचा कागद पुन्हा हातात घेऊन उभा होता. सगळे जावयाला उठवायच्या गडबडीत असताना तो आक्काच्या जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तू उद्या साक्षीला उभी राहिलीस तर तो सुटेल गं. कळतंय मला. पण सुटला की जाईल. मग तू आहेस आणि हे मशीन आहे. मी काय फक्त तुरुंगाला भ्यायलो होतो असं वाटतं तुला?"

आक्कानं त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर भित्रा म्हणून ज्याला हिणवलं त्या भावाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिच्यासाठी होतं.  पण भरल्या घरात डोळे गाळणारी ती नव्हती.

"माझ्या म्हातारपणाची काठी म्हणून पोराच्या कपाळावर शिक्का मारतोस होय रे?" ती म्हणाली. "आणि महिनाभर मीही तुझ्यासारखाच विचार करत होते, तेव्हा तुला एकट्याला काय बोलू? पण आता बास झालं. मला माणसं मिळतील. शिंप्याची पोरगी कधीपासून विचारतेय, आत्या मला शिकवाल का. हात चांगले आहेत तिचे. बघ, छडी तीच आहे, पोरगी तेवढी नवी."

तिनं त्याच्या हातातून कागद घेतला, दोन बोटांत धरून त्याचा जाडपणा पाहिला. घोडीवर नव्या काचा एकीला एक लागून उभ्या होत्या. आक्कानं त्यातल्या दोन काचांच्या मध्ये तो कागद सरकवून दिला, ओरखडे पडू नयेत म्हणून ती नेहमी सरकवायची तसा.

"चांगला जाड आहे. वाया कशाला घालवायचा?"

ताई आता पेटली होती. उद्या पुढची तारीख मागायची, आत्याला साक्षीदार म्हणून उभं करायचं, ठाण्यातली काच कोर्टात मागवायची, सगळं ती जावयाला सांगत होती आणि जावई बरगडी धरून "मला सांगू नकोस गं, मी त्या खात्याचा माणूस आहे," म्हणत सगळं ऐकत होता.

"काच कोर्टात आणताना माझ्याकडून आणवा," आक्का म्हणाली. "ते पोलीस पाडतील. आणि न्यायाधीशांना सांगून ठेव, बाई काच घेऊन उभी असेल तेव्हा शिपायाला मागून पाठवू नका."

"जमिनीवर गादी घालून ठेवायला सांगते," ताई म्हणाली.

चहा झाला. निघताना बारक्या आक्काच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. बोलायचं खूप होतं, पण या घरातल्या पुरुषांना ते वेळेवर कधी जमलं नाही.

"आत्या, मी..."

"गप बस. एक ऐक. बंबावर गेलास की हे कोपराचं विसरायचं. तिथं धुरात मागून हात लागेल तो आपल्याच माणसाचा असेल. तो झटकायचा नाही, घट्ट धरायचा. जमेल का?"

"छडी नाही ना तिथं?"

"मी येईन घेऊन."

तो वाकून दारातून बाहेर पडला. आक्कानं पाठ फिरवली, हातमोजे चढवले आणि मशीन सुरू केलं, कारण काम उरलं होतं आणि डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते हे कुणाला सांगत बसायची तिला गरज नव्हती. आवाज कारखानाभर भरला. घरचे निघाले असतील, गेले असतील, तिला काही कळायला मार्ग नव्हता.

मग कडेकडेनं, तुकडे टाळत, एक एक पाऊल जपून टाकत कुणीतरी घोडीला वळसा घालून आलं. भाऊ होता तो. सगळ्या काचांच्या मधून वाट काढत तो तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, चेहरा तिला दिसेल असा, आणि काहीतरी बोलला.

मशीन चालूच होतं. आक्काला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण तो समोर उभा होता, म्हणून तिला कळलं. उद्या मीही येतो, असं म्हणत होता तो.

आक्कानं मान हलवली आणि पायानंच दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. भाऊनं त्यावरची काचेची पूड फुंकली आणि तो बसला.